खेकड्यांचा फेरफार

आपल्या किनाऱ्यावरच्या एका चिमुकल्या खेकड्याचं कुल बदललं. त्याला आता बरीच वर्षं झाली. महाराष्ट्रात त्याचा गवगवा झाला नाही, व्हायचं कारणही नव्हतं. या खेकड्याचं कालवण होत नाही, त्याला बाजारभाव नाही. तरीही मी त्यावर लिहितो आहे, कारण तो बदल ज्या शिस्तीत झाला ती शिस्त मला ओळखीची वाटली, आणि आपल्या किनाऱ्याच्या सरकारी नोंदींत नेमकी तीच सापडत नाही.

मी निवृत्त तलाठी. दाभोळ खाडीच्या अलीकडे दापोली आणि पलीकडे गुहागर, या दोन तालुक्यांत नोकरी झाली. फेरफार लिहिण्यात हाताची बोटं झिजली. निवृत्तीनंतर माझी पुतणी, जी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, सुट्टीत घरी आली की मला ओहोटीच्या वेळी पुळणीवर घेऊन जायला लागली. या खेकड्यांशी ओळख तिने करून दिली.

ओहोटी लागून ओली वाळू उघडी पडली की तिच्यावर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. मधे बिळाचं भोक, त्यातून चहूकडे निघालेल्या सरळ वाटा आणि वाटांच्या कडेने शेकडो गोळ्या. पर्यटक त्याचे फोटो काढतात, पोरं पायाने विस्कटतात, उरलेलं भरती पुसून नेते. हे करणारा खेकडा जेमतेम सेंटिमीटरभर रुंद, वाळूच्याच रंगाचा. पाऊल वाजलं की बिळात. न हलता-डुलता उभं राहिलं तर थोड्या वेळाने बाहेर येतो आणि कामाला लागतो. दोन्ही नांग्यांनी वाळू उचलून तोंडाशी नेतो. तोंडाच्या अवयवांवरचे केस आणि कल्ल्यांतलं पाणी यांच्या मदतीने वाळूच्या कणांवरचं सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव वेगळे काढतो. उरलेल्या वाळूची गोळी तोंडापाशी तयार होते, ती तोडून बाजूला टाकतो आणि पुढे सरकतो. गोळ्या टाकण्यामागे हिशेब आहे. एकदा चाळलेली वाळू पुन्हा चाळायची वेळ येऊ नये, आणि बिळाकडे पळायची वाट मोकळी राहावी. भरती चढायला लागली की तो आत.

आज या खेकड्यांचं कुल डोटिलिडी म्हणून ओळखलं जातं. त्यात डोटिला आणि स्कोपिमेरा या वाळूत राहणाऱ्या प्रजाती आहेत आणि इलिओप्लॅक्ससारख्या चिखलात राहणाऱ्याही. डोटिलाच्या पाठीवर खोल खाचा असतात, स्कोपिमेराची पाठ दाणेदार असते. भिंग असेल तर हा फरक माझ्यासारख्या माणसालाही दिसतो.

आता या कुलाचा फेरफार वाचू.

पहिली जुनी नोंद १७७५ सालची. लिनियसचा शिष्य पेटर फोर्स्कोल डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेवर गेला आणि १७६३ मध्ये येमेनमध्ये तापाने वारला. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर त्याने खाचा असलेल्या पाठीचा एक बारका खेकडा टिपून ठेवला होता. मोहिमेतला एकटा माणूस जिवंत परतला, तो कार्स्टेन नीबूर. हा नीबूर १७६३ मध्ये मुंबईत येऊन राहिला होता आणि त्याने घारापुरीच्या लेण्यांची मापं घेऊन चित्रं काढली होती. परत गेल्यावर मेलेल्या सोबत्याचे कागद त्याने छापले. स्वतः मोजणीदार असलेल्या या माणसाला दुसऱ्याची नोंद वाया जाऊ न देण्याची किंमत कळत होती. त्या काळी बहुतेक सगळे खेकडे ‘कॅन्सर’ या एकाच प्रजातीत घातले जात, तसा हाही घातला गेला.

पुढे १८३३ मध्ये द हान नावाच्या डच संशोधकाने लायडनच्या संग्रहालयात बसून, जपानहून आलेल्या नमुन्यांवर काम करताना स्कोपिमेरा ही प्रजाती मांडली. डोटिलाही मांडली, पण तिला त्याने ‘डोटो’ नाव दिलं. ते नाव १८१५ मध्येच एका समुद्री गोगलगायीला दिलं गेलं होतं. प्राण्यांच्या नावांत एक नाव दोघांना चालत नाही, आधीच्याचा हक्क राहतो. म्हणून १८५८ मध्ये विल्यम स्टिम्पसन या अमेरिकन संशोधकाने ‘डोटिला’ हे बदली नाव दिलं. स्टिम्पसनचा पुढचा इतिहास कोणत्याही अभिलेखपालाला घाम फोडणारा आहे. १८७१ च्या शिकागोच्या आगीत त्याचे नमुने आणि हस्तलिखितं जळून गेली, आणि वर्षभरातच तोही गेला. कवचधारी प्राण्यांवरचा त्याचा मोठा अहवाल तेवढा वाचला, तो १९०७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर साडेतीन दशकांनी छापला गेला.

आपल्याकडचं काम कोलकात्यात झालं. इंडियन म्युझियमचे आल्फ्रेड अल्कॉक यांनी १९०० मध्ये भारतातल्या या गटाच्या खेकड्यांची यादी केली. १९१९ मध्ये स्टॅन्ली केम्प यांनी म्युझियमच्याच नियतकालिकात या छोट्या खेकड्यांवर स्वतंत्र लेख लिहिला आणि नव्या जाती नोंदवल्या. केम्प यांच्या लेखात हे खेकडे ऑसिपोडिडी या मोठ्या कुलाचं उपकुल होते. ऑसिपोडिडी म्हणजे रात्री पुळणीवर धावणारे, उंच डोळ्यांचे खेकडे आणि खारफुटीत एक नांगी हलवणारे रंगीत खेकडे यांचं कुल. सगळे ओहोटीच्या पट्ट्यात राहणारे, बिळं करणारे, डोळे दांड्यावर असलेले. एका घरातले वाटावेत असेच.

मग पुरावे येत गेले. डोटिला आणि स्कोपिमेरा यांच्या पायांवर पातळ पडद्याच्या खिडक्या असतात. त्यांना फार काळ कानाचे पडदे समजलं जात होतं. १९८६ मध्ये डेव्हिड मेटलंड यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की त्या खिडक्यांतून खेकडा हवेतला प्राणवायू घेतो. त्या झाकल्या तर प्राणवायू घेण्याचं प्रमाण घसरतं. म्हणजे ज्या खुणेवरून हे खेकडे ओळखले जात होते ती खूण पक्की होती, तिचा अर्थ मात्र वेगळा निघाला. २००२ मध्ये जपानी अभ्यासकांनी मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकांची तुलना केली. त्यात ऑसिपोडिडी या नावाखाली जी मंडळी एकत्र नांदत होती ती एका पूर्वजाची नव्हेत, हे दिसलं. त्यांच्यातले लांब डोळ्यांचे, चिखलातले मॅक्रोफ्थॅल्मस तर दुसऱ्याच गोटातल्या, व्हॅरुनिडी कुलाच्या जवळचे निघाले. २००८ मध्ये एन्ग, ग्विनो आणि डेव्ही या तिघांनी जगातल्या सगळ्या खऱ्या खेकड्यांची, ६७९३ जाती आणि उपजातींची, यादी प्रसिद्ध केली. तीत डोटिलिडी हे स्वतंत्र कुल आहे.

ऑसिपोडिडीत राहिलेल्यांचीही सुटका झाली नाही. २०१६ मध्ये नांगी हलवणाऱ्या खेकड्यांची ‘युका’ ही एक प्रजाती फोडून अकरा झाल्या. मुंबईच्या खारफुटीत दिसणारा, पांढऱ्या-गुलाबी नांगीचा ‘युका अ‍ॅन्युलिपेस’ तेव्हापासून ‘ऑस्ट्रुका अ‍ॅन्युलिपेस’ झाला.

हे सगळं मी गावातल्या एका मित्राला चहाच्या टपरीवर सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे दोनशे वर्षांत यांना एक खेकडा कुठे ठेवायचा ते ठरवता आलं नाही. पगार कशाचा घेतात?”

हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. शिकलेली माणसंही असंच बोलतात. ग्रह नऊ होते ते आठ झाले तेव्हाही बोलली होती. शास्त्र बदलतं, मग त्यावर विश्वास का ठेवायचा, असा तो सूर असतो. माझं म्हणणं उलटं आहे. ज्या दप्तरात फेरफार होत नाही, त्या दप्तरावर मी विश्वास ठेवणार नाही.

सातबाऱ्यावर खातेदार वारला किंवा जमीन विकली गेली की त्याचं नाव खोडून टाकत नाहीत. त्याला कंस करतात, नवीन नाव खाली येतं आणि शेजारी फेरफार क्रमांक पडतो. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा उघडला की कळतं: कोणाची वर्दी, कोणता दस्त, नोटीस कधी निघाली, हरकत आली का, मंडळ अधिकाऱ्यांनी कधी प्रमाणित केलं. पन्नास वर्षांपूर्वीचा बदलही असा उलगडता येतो. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांतही कंस आहे, हे पुतणीने दाखवलं तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. ‘डोटिला फेनेस्ट्राटा’ या जातीपुढे हिल्गेनडॉर्फ, १८६९ असं उघडं लिहितात. ‘डोटिला मिक्टिरॉइडेस’ पुढे मात्र मिल्न-एडवर्ड्स, १८५२ हे कंसात. कंसाचा अर्थ असा की या माणसाने ही जात पहिल्यांदा वर्णन केली, पण दुसऱ्या प्रजातीच्या नावाखाली. नंतर ती इथे आणली गेली. फोर्स्कोलच्या खेकड्याचंही तसंच. आज तो ‘डोटिला सल्काटा’ आहे आणि त्यापुढे कंसात फोर्स्कोल, १७७५. येमेनमध्ये तापाने मेलेल्या माणसाचा हक्क अडीचशे वर्षांत कोणी काढून घेतलेला नाही.

“काका, एवढंच नाही,” ती म्हणाली, “प्रत्येक जातीचा मूळ नमुना कुठल्या संग्रहालयात आहे तेही लिहावं लागतं. शंका आली तर जाऊन बघायचं.” दस्ताची मूळ प्रत कुठे आहे ते सांगितल्याशिवाय नोंद नाही, असाच तो नियम. आमच्या खात्यात तो याहून ढिलाईने पाळला जातो, हे मी पेन्शन सुरू असतानाही लिहून देईन.

मोजणी बारीक झाली की नोंद बदलते, त्यात लाज कसली? भारताचा किनारा आपण ७५१६.६ किलोमीटर म्हणून पाठ केला. अलीकडे तो नव्याने मोजला आणि आकडा ११०९८.८१ वर गेला. समुद्राने कोणाची जमीन दिली नाही की नेली नाही. खाड्या, वळणं आणि बेटं आधी ढोबळपणे मोजली होती, ती आता बारकाईने मोजली. खेकड्यांच्या कुलाचं तेच झालं. खेकडे आपल्या जागी होते. पाहणाऱ्याने पायांवरच्या खिडक्यांपासून जनुकांपर्यंत जास्त बारीक पाहिलं.

फुकटचा खटाटोप असंही याला म्हणता येणार नाही. कुल ठरतं तेव्हा कोणाचं कशाशी नातं आहे हे ठरतं, आणि त्यावरून पुढचे प्रश्न विचारता येतात. डोटिला मिक्टिरॉइडेस हा खेकडा फार ओल्या वाळूत बीळ टिकत नाही तेव्हा स्वतःभोवती गोळ्या रचून छप्पर उभारतो आणि हवेचा एक कप्पा आत कोंडून घेतो. जपानमधला इलिओप्लॅक्स पुसिला शेजाऱ्याच्या बिळाजवळ चिखलाचा बांध घालतो. बांधावरून भांडणारी गावं मी पाहिली आहेत, पण बांध घालून भांडण टाळणारा जीव पाहिला नव्हता. या सवयी एकाच घराण्यात एकदा उगवल्या की वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे, हे सांगायचं तर घराणं कोणतं ते आधी नक्की हवं. चुकीच्या वंशावळीवर वारसाचा दाखला देता येत नाही.

आणि ही यादी अजून पूर्ण झालेली नाही, तेही आपल्या शेजारी. २०१५ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यावरच्या चिखलातून इलिओप्लॅक्सची एक नवी जात वर्णन झाली. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तिला ‘इलिओप्लॅक्स सयाजीरावी’ असं नाव दिलं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या मुलाचं नाव एका खेकड्याला लागलं, याचा मला मराठी माणूस म्हणून आनंद आहे. पण त्याहून मोठी गोष्ट ही की एकविसाव्या शतकात, लाखो माणसांच्या वस्तीला लागून असलेल्या किनाऱ्यावर, कोणी तरी चिखलात वाकून पाहिलं तेव्हा नोंद न झालेला जीव सापडला.

आपल्याकडे असं वाकून पाहिलेलं नाही असं नाही. तारापोरवाला मत्स्यालयाशी जोडलेले बोमन छापगर यांनी १९५७ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यातल्या सागरी खेकड्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर लेख लिहिले. आज त्यांतली कित्येक नावं बदलली आहेत. तरी ते काम बाद झालं नाही, कारण प्रत्येक खेकड्याचं वर्णन त्यांत आहे. जुन्या नावावरून नवीन नावाकडे जाणारी वाट सापडते. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी लोकांना घेऊन ओहोटीच्या किनाऱ्यावर फिरतात, फोटो काढतात, नोंदी ठेवतात. हेही त्याच वाटेवरचं काम.

सरकारी कागदांत मात्र परिस्थिती वेगळी आहे. काही काळापूर्वी आमच्या भागातल्या एका किनारी कामाचा पर्यावरणविषयक अहवाल हाती आला. जाडजूड होता, रंगीत नकाशे होते. ओहोटीच्या पट्ट्यातल्या प्राण्यांच्या तक्त्यात एक ओळ होती: ‘खेकडे — सर्वसामान्य आढळ’. पुढच्या ओळीत शिंपले, तेही तसेच. कोणते खेकडे, कोणी ओळखले, कोणत्या महिन्यात, कोणत्या भरती-ओहोटीला, नमुना किंवा फोटो कुठे ठेवला, काहीही नाही. या ओळीवर दहा वर्षांनी कोणी हरकत घेतली तर तपासणार काय? माझ्या सजातल्या एखाद्या खातेदाराने ‘माणसं — सर्वसामान्य’ असा सातबारा मागितला असता तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

आणि हा तक्ता वरवरचा आहे म्हणून सोडून देता येत नाही. धूप थांबवायला दगडांचे बंधारे टाकले जातात, जेट्ट्या होतात, शनिवार-रविवारी पुळणीवर गाड्या फिरतात. डोटिला आणि स्कोपिमेरा भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यातच जगतात. वाळूच्या कणांचा आकार बदलला, ओल बदलली, वाळू दाबली गेली की त्यांची बिळं आणि अन्न दोन्ही बदलतात. वाळू जाड झाली म्हणून एक जात निघून गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, तर ‘खेकडे — सर्वसामान्य आढळ’ ही ओळ आधीही खरी आणि नंतरही खरी. अशी नोंद काही नोंदवतच नाही. ती करणाऱ्याला सोयीची असते, एवढंच.

यासाठी नवा कायदा लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही ठरवून दिली आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या तगाद्यामुळे २०२० च्या आसपास अनेक गावांच्या नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. मी पाहिलेल्या किनारी गावांच्या वह्यांत आंबा, काजू, गाई-म्हशी, पापलेट, सुरमई आहेत. म्हणजे जे विकलं जातं ते आहे. पुळणीला एकही पान नाही.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे आणि तिन्ही तलाठ्याला समजतील अशा आहेत. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत ओहोटीच्या पट्ट्याचं स्वतंत्र पान असावं आणि त्यावर प्राण्याचं नाव, दिनांक, जागा, फोटो आणि ओळखणाऱ्याची सही असावी. नाव बदललं तर जुनं पुसू नये. त्याला कंस करून नवं खाली लिहावं आणि कशावरून बदललं ते शेरा रकान्यात लिहावं. आणि किनाऱ्यावरच्या कोणत्याही प्रकल्पाच्या अहवालात ‘खेकडे’ एवढाच शब्द असेल तर तो तक्ता अपुरा समजून परत पाठवावा.

कोकणातल्या कॉलेजांत प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत, त्यांना दरवर्षी प्रकल्प करावा लागतो. गावात निवृत्त शिक्षक आहेत, रापण ओढणारे आहेत. त्यांना कोणत्या पुळणीवर कोणता जीव कधी येतो ते ठाऊक आहे. भिंग दीडशे-दोनशे रुपयांना मिळतं. खर्च याहून फारसा नाही.

टपरीवरचा माझा मित्र विचारतो, यातून गावाला काय मिळणार? मी त्याला सांगितलं, उद्या आपल्या पुळणीवर कोणी बंधारा घालायला आला आणि इथे काही नव्हतंच असं म्हणाला, तर दाखवायला उतारा मिळेल. तारखेनिशी, सहीनिशी. न्यायालयात तेवढंच चालतं.